चारशेची रेघ

मरियम होडेकर रत्नागिरीच्या राजिवड्यातली. बाप बोटीवर खलाशी, वर्ष-दीड वर्षाने घरी यायचा, महिनाभर राहायचा आणि परत जायचा. घर आईने चालवलं. आईचं माहेर बोरबंदरात, बोरखाडीच्या काठी, त्यामुळे मरियमच्या लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या तिथल्या चिखलात गेल्या. सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की बायका टोपल्या घेऊन खाडीत उतरायच्या, पायाच्या बोटांनी चिखल चाचपायच्या आणि कवच लागलं की वाकून मुळे उचलायच्या. मुंबईचे लोक ज्यांना तिसऱ्या म्हणतात, ते आमच्याकडचे मुळे. मरियमला मुळे सापडायचे कमी, पण चिखलावर काडीने होड्या, खेकडे, माणसं अशी चित्रं ती इतकी हुबेहूब काढायची की भरती येईपर्यंत बायका ती पुसू द्यायच्या नाहीत.

हाच हात पुढे कामाला आला. बी.एस्सी. झाल्यावर तिला मत्स्यसंशोधनाच्या एका छोट्या प्रयोगशाळेत ट्रेसरची नोकरी लागली. शास्त्रज्ञांनी पेन्सिलीने खरडलेले आलेख ट्रेसिंग पेपरवर शाईने नीट उतरवायचे, एवढंच काम. प्रमुख होते डॉ. रावजी नागवेकर. उंच, वाकलेले, बोलताना चष्मा पुसत राहणारे. त्यांनी कधी कुणावर आवाज चढवलेला कुणाला आठवत नाही.

सत्त्याऐंशी साली प्रयोगशाळेत कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी खिडकीला पडदे लागले, एसी बसला, दाराशी चपला काढून आत जायचा नियम झाला. कॉम्प्युटरबरोबर प्लॉटर आला. टेबलाएवढं सपाट यंत्र, त्यावर कागद चिकटवायचा आणि यंत्राचा हात स्वतः पेन उचलून रेघा ओढायचा. सोबत आलेख काढण्याचा एक प्रोग्रॅम होता, चार फ्लॉप्यांवर आलेला, आणि वीटभर जाडीचं इंग्रजी पुस्तक. शास्त्रज्ञ मंडळींनी पहिली वीस पानं वाचली आणि ते पुस्तक मरियमच्या टेबलावर ठेवून दिलं.

तिने ते शेवटपर्यंत वाचलं. शब्दकोश शेजारी ठेवून, एकेक आज्ञा करून बघत. आधी तिला भीती होती की हे यंत्र आपली नोकरी खाणार. चार-सहा महिन्यांत भीती गेली आणि त्याचं वेडच लागलं. एकाच आलेखाला डावीकडे एक माप आणि उजवीकडे दुसरं देता यायचं. दहा, शंभर, हजार अशा दहापटीच्या पायऱ्यांची मोजपट्टी घेतली की मुंगी आणि हत्ती एका कागदावर मावायचे. आकड्यात चूक किती असू शकते ते दाखवायला प्रत्येक ठिपक्यावर उभी काठी काढता यायची. पण तिचं सगळ्यात लाडकं काम होतं रेघ गुळगुळीत करणं. हिशोबाची तऱ्हा सोपी होती. प्रत्येक ठिपका आजूबाजूच्या ठिपक्यांबरोबर मिसळायचा, सरासरी काढायची आणि मग त्यातून रेघ न्यायची. करवतीच्या दातांसारखे वर-खाली उडणारे आकडे एकदम किनाऱ्यासारखे वळणदार व्हायचे. नागवेकरांचा एक लेख दिल्लीच्या परिषदेत गेला तेव्हा आलेख कुणी काढले म्हणून तिथे विचारणा झाली. ते मरियमला कळलं, आणि ती आठवडाभर हवेत होती.

अठ्ठ्याऐंशीच्या जानेवारीत बोरबंदरचा केरू वारला.

केरू होडीवाला, चाळिशीतला, धडधाकट. दुपारी मुळ्यांचं सुकं आणि भाकरी खाऊन उठला. ओठांना मुंग्या येतात म्हणाला, बायको हसली. मग जीभ जड झाली, बोटं बधिर झाली, आणि गाडी मिळेपर्यंत त्याला उभं राहता येईना. रस्त्यातच त्याचा श्वास थांबला. त्याच दिवशी गावातली आणखी काही माणसं तसल्याच तक्रारी घेऊन इस्पितळात दाखल झाली. ती वाचली.

प्रयोगशाळेने खाडीतले मुळे आणून तपासले. समुद्रात कधी कधी डोळ्यांना न दिसणारं शेवाळ वाढतं. मुळे ते खातात, त्यांना काही होत नाही, पण विष त्यांच्या मांसात साठतं आणि शिजवलं तरी जात नाही. तपासायची रीत क्रूर होती. मुळ्यांचा अर्क पांढऱ्या उंदराला टोचायचा आणि तो किती वेळात मरतो त्यावरून विषाचा आकडा काढायचा. चारशेच्या वर आकडा गेला की ते मुळे माणसाने खाऊ नयेत. केरू गेला त्या आठवड्यात बोरखाडीचा आकडा दोन हजारांच्या वर होता.

प्रांतसाहेबांनी मुळे काढायला बंदी घातली. दर आठवड्याला तीन जागांवरून मुळे येऊ लागले: खाडीच्या तोंडाशी, जेटीपाशी, आणि आत खाजणात, जिथे तिवरांची दाटी आहे आणि पाणी संथ असतं. आकडे उतरू लागले. फेब्रुवारी गेला, मार्च लागला. बोरबंदरच्या बायकांची चूल त्या चिखलावर चालायची. त्या म्हणू लागल्या की केरूला झटका आला होता, मुळ्यांना उगाच बदनाम केलं. त्यांची म्होरकी तुळसा, पन्नाशीची खारवीण, बायकांना घेऊन दोनदा कचेरीत येऊन गेली. शेवटी एका शुक्रवारी दुपारी बैठक ठरली. बंदी ठेवायची की उठवायची, त्याचा निकाल त्या दिवशी लागणार होता.

नागवेकर गेले तीन आठवडे मुंबईला होते. तिथून थेट बैठकीला यायचे होते. बुधवारी त्यांचा मरियमला फोन आला. लाइन खरखरत होती. बैठकीसाठी आलेख हवा, साधा, एका नजरेत कळेल असा, असं ते म्हणाले. तीन-तीन रेघा दाखवल्या की लोक गोंधळतात, तेव्हा खाडीची मिळून एकच रेघ काढा. शेवटच्या तपासण्यांचे आकडे प्रयोगशाळेतले मदतनीस देतील, तेही घाला.

मरियमने मन लावून काम केलं. आकडे टाइप केले, तिन्ही जागांची सरासरी काढली. रेघ अजून थोडी ओबडधोबड वाटली म्हणून ती गुळगुळीत करून घेतली. ठिपके ठेवले तर चित्र गजबजलेलं दिसत होतं, ते काढून टाकले. चारशेपाशी लाल आडवी रेघ मारली. प्लॉटरने निळ्या पेनाने एक सुंदर वळण काढलं: डावीकडे उंच डोंगर, मग लांब उतार, लाल रेघ ओलांडून खाली, आणि शेवटी शांत सपाटी. शुक्रवारी सकाळी शिपाई तो कागद कचेरीत पोचवून आला.

जेवणाच्या सुट्टीनंतर तिच्या हाताला काम नव्हतं. पुस्तकातलं एक प्रकरण तिने अजून करून बघितलं नव्हतं, एकाच कागदावर छोटे छोटे वेगळे आलेख मांडायचं. आकडे आत होतेच. प्रयोगशाळेच्या फाइलला लावायला तीन जागांचे तीन आलेख काढू, असं म्हणून तिने आज्ञा दिल्या. नुसता सराव म्हणून मोजपट्टी दहापटीची घेतली आणि रेघ गुळगुळीत न करता कच्चे ठिपके तसेच जोडायला सांगितले.

प्लॉटरचा हात हलू लागला. पहिल्या चौकटीत तोंडाशी असलेली जागा, रेघ उतरत खाली. दुसऱ्या चौकटीत जेटी, तीही खाली. तिसऱ्या चौकटीत पेन उतरलं, चारशेच्या खाली आलं, थबकल्यासारखं झालं आणि वर निघालं.

मरियमला वाटलं आकडा चुकला. ती उभी राहिली. पेन पुढच्या ठिपक्याकडे चाललं होतं, लाल रेघेच्या जवळ, आणि नेमकी त्याच क्षणी वीज गेली. एसी घरघरून थांबला, प्लॉटरचा हात कागदावर तसाच राहिला, पेनाखाली शाईचा थेंब पसरू लागला.

तिने मदतनीसांनी दिलेला कागद शोधून खिडकीपाशी नेला. खाजण, शेवटच्या तीन आठवड्यांचे आकडे: तीनशे दहा, पाचशे वीस, सातशे नव्वद. तिनेच टाइप केलेले. बोटांनी टाइप केले होते, डोक्यात शिरलेच नव्हते. तोंडाशी आणि जेटीपाशी विष इतकं उतरलं होतं की सरासरी काढल्यावर खाजणाची चढण त्या दोघांच्या उतारात बुडाली होती. उरलीसुरली तिने स्वतः गुळगुळीत करून टाकली होती.

हे कळायला तिला पाणी प्यायला लागतो तेवढाच वेळ लागला. मग तिची नजर कॅलेंडरवर गेली. त्या दिवशी अमावास्या होती. अमावास्येला संध्याकाळची सुकती मोठी असते, पाणी खूप आत जातं, आणि बायका सगळ्यात आधी जातात त्या खाजणाच्या चिखलात. बंदी उठली तर त्या आजच उतरणार.

तिने कचेरीला फोन लावला. एंगेज. परत लावला, परत एंगेज. तिसऱ्यांदा कुणी तरी उचलला, बैठक चालू आहे, आत निरोप देता येणार नाही, असं सांगून ठेवून दिला.

नुसती जाऊन बोलून उपयोग नव्हता. कचेरीत सकाळपासून एक देखणा कागद होता, त्याच्यासमोर दुसरा कागदच हवा. तिने प्लॉटरवरचा कागद सोडवला, ड्रॉइंग बोर्डवर लावला, आपलं जुनं शाईचं पेन काढलं आणि तिसरी चौकट हाताने पुरी केली. पट्टी दोनदा घसरली. सातशे नव्वदचा ठिपका तिने लाल रेघेच्या वर ठेवला, रेघ जोडली, फुंकर मारली आणि शाई पुरती वाळायच्या आत कागद दोन हातांत आडवा धरून ती रस्त्यावर आली. रिक्षा मिळाली. वाटेत तिने रिक्षावाल्याला दोन वेळा जरा हळू आणि चार वेळा जरा जोरात चालवायला सांगितलं.

कचेरीच्या व्हरांड्यात गर्दी पांगत होती. बैठक लवकर आटोपली होती. नागवेकर जिन्यावरून उतरताना दिसले. मुंबईच्या प्रवासाने थकलेले, पण चेहरा मोकळा.

"होडेकर, आलेख उत्तम झाला," ते म्हणाले. "अर्ध्या तासात निर्णय झाला."

तिने हातातला कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा लावला. तिसऱ्या चौकटीवर त्यांची नजर थांबली.

"हे आकडे कधीचे?"

"शेवटचा याच आठवड्यातला, सर. सकाळच्या आलेखातही हेच आहेत. दिसत नाहीत फक्त."

नागवेकरांचा चेहरा उतरला. त्यांनी खाली अंगणात बघितलं. बंदी उठल्याचं सांगायला लाउडस्पीकर लावलेली जीप निघून गेली होती. पंधरा-वीस मिनिटं झाली असतील, असं फाटकावरच्या माणसाने सांगितलं. नागवेकर मागे वळले आणि एकेक पायरी गाळत वर चढले. मरियम त्यांच्या मागे.

प्रांतसाहेब पुढच्या कामाला बसले होते. नागवेकरांनी दोन्ही आलेख त्यांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि सांगायला सुरुवात केली, पण साहेबांनी हात वर केला. ते दोन कागदांकडे आळीपाळीने बघत होते. एकावर खाडी निर्धोक होती, दुसऱ्यावर नव्हती, आणि दोन्ही कागद एकाच प्रयोगशाळेचे होते.

"हा सकाळचा कुणी काढला?" त्यांनी विचारलं.

"मीच," मरियम म्हणाली.

"आणि हाही तुम्हीच?"

"हो साहेब. सकाळच्यात मी तिन्ही जागा एकत्र केल्या आणि वर रेघ गुळगुळीत करून घेतली. आकडे खरे आहेत, पण माझ्या त्या रेघेत खाजणाचं विष दिसत नाही."

खोलीत आणखी दोन अधिकारी होते. साहेबांनी तिच्याकडे असं पाहिलं की आपली नोकरी इथेच संपली, असं तिला वाटून गेलं. मग त्यांनी घंटी वाजवली, खात्याची दुसरी जीप सोडायला सांगितली आणि कागदावर बंदीचा हुकूम पुन्हा लिहून दिला. गावात जाणार कोण, हा प्रश्न आला तेव्हा मरियमने आपलं आजोळ तिथलं असल्याचं सांगितलं.

रत्नागिरीपासून बोरबंदर जीपने पाऊण तास. नागवेकर पुढे, मरियम मागे. वाटेत पहिली जीप समोरून परत येताना दिसली. तिचं काम झालं होतं. ड्रायव्हरने थांबून सांगितलं की गावात पोचायच्या आधीच बायका टोपल्या घेऊन उभ्या होत्या, कुणीतरी कचेरीतून मोटरसायकलवरून बातमी नेली होती. नागवेकरांनी त्या जीपलाही मागे फिरवलं.

जेटीपाशी पोचले तेव्हा ऊन कलतं झालं होतं आणि खाडी पार उघडी पडली होती. खाजणाच्या बाजूला चिखलात पन्नास-साठ बायका वाकलेल्या होत्या. लाउडस्पीकरवरून बंदी परत लागल्याची हाक गेली. बायकांनी माना वर केल्या, ऐकलं आणि पुन्हा वाकल्या.

मरियमने चपला काढल्या, साडी खोचली आणि ती चिखलात उतरली. नागवेकरही पँट दुमडून मागोमाग आले, पण चार पावलांवर त्यांचा पाय मांडीपर्यंत रुतला आणि जीपच्या ड्रायव्हरला त्यांना ओढून काढावं लागलं. ती एकटीच पुढे गेली. तुळसा तिला बघून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिची टोपली अर्ध्याहून जास्त भरली होती.

"मघाशी खुला, आता बंद," तुळसा म्हणाली. "तुमचा खेळ होतो गो, आमची चूल विझते."

"तुळसाकाकी, चूक माझी झाली. कागद मी काढला, तो चुकला. खाजणातला इख उतरलेला नाय, चढतोय."

"आणि हा नवा कागद बरोबर कशावरून?"

मरियमने टोपलीच्या काठावर हात ठेवला. ती म्हणाली, "तो पण चुकलेला असंल तर तुमची एक सुकती जाईल. पहिला चुकलेला असंल तर माणूस जाईल."

आजूबाजूच्या बायका जवळ आल्या. त्यांच्यात केरूची बायकोही होती. तिने आपली टोपली उलटी केली. मुळे चिखलात पडले तेव्हा त्यांचा खळखळ आवाज झाला. मग दुसरीने, तिसरीने. तुळसाने सगळ्यात शेवटी टोपली रिकामी केली आणि करता करताच तिचा हात थांबला.

"काशी," ती म्हणाली.

काशी तिची धाकटी जाऊ. पहिल्या हाकेलाच चिखलात उतरून पदरभर मुळे काढून ती घरी गेली होती. पोरं दोन महिने मुळे मागत होती.

मरियम आणि तुळसा धावल्या. चिखलातून जेटीवर, जेटीवरून पाखाडीच्या चिऱ्यांच्या पायऱ्यांनी वर. तुळसाला दम लागला, ती मध्येच कठड्याला धरून थांबली आणि तिने नुसतंच पुढे हो म्हणून हात केला. मरियम घर ओळखत होती. दारात दोन पोरं थाळ्या घेऊन बसली होती. थाळ्या अजून कोऱ्या होत्या. आत चुलीवर टोप होता, आणि काशी ओट्याला टेकून आपले ओठ बोटाने चोळत होती.

"खाल्लंस?" मरियमने विचारलं.

"मीठ बघितलं नुसता," काशी म्हणाली. "चार-पाच तोंडात टाकले. वाटीभर पाणी प्याले त्यातलं. का गो?"

"पोरांनी?"

"नाय अजून."

मरियमने टोप उचलून मागच्या दारी उपडा केला. हाताला चटका बसला तो तिला नंतर जाणवला. काशीला तिने विचारलं तेव्हा ओठांना मुंग्या येतात, असं ती म्हणाली आणि म्हणता म्हणताच तिला कळलं आपण काय बोललो ते. केरूची गोष्ट गावात कुणाला माहीत नव्हती?

तिला चालवत पाखाडी उतरवली तेव्हा तिचे पाय शाबूत होते. जीपमध्ये बसवलं तेव्हा बोटं बधिर झाली होती. अर्ध्या वाटेवर तिची मान मरियमच्या खांद्यावर कलंडली. काशी शुद्धीत होती, सगळं ऐकत होती, फक्त अंग तिचं राहिलं नव्हतं. तुळसा पलीकडून तिचा हात धरून तिला सारखी बोलत होती: श्वास घे, सोड, घे, सोड. नागवेकर पुढच्या सीटवर मागे वळून बसले होते. मरियमला त्या वेळी काय वाटत होतं हे तिने पुढे मला एकदाच सांगितलं. तिला निळी रेघ दिसत होती, डोंगरावरून उतरणारी, आणि ती आपण किती हौसेने काढली होती तेच आठवत होतं.

सिव्हिलमध्ये काशीला आत घेतलं तेव्हा तिचा श्वास वरच्या वर चालला होता. या विषावर उतारा नाही. विष अंगातून निघून जाईपर्यंत माणसाचा श्वास चालू ठेवायचा, एवढंच हातात असतं. नागवेकरांनी डॉक्टरांना नेमकं काय झालं ते सांगितलं. डॉक्टर आणि नर्स आळीपाळीने रबरी पिशवी दाबत राहिले. बाहेर बाकावर तुळसा आणि मरियम शेजारी शेजारी बसल्या. चिखल त्यांच्या पायांवर वाळून पांढरा पडला होता.

सकाळी काशीने स्वतःचा श्वास घेतला. दुपारी ती बोलली. पहिलं वाक्य होतं पोरांबद्दल. मरियम तेव्हा दाराबाहेर उभी होती. ती आत गेली नाही.

सोमवारी तिने जे झालं ते सगळं लिहून नागवेकरांच्या टेबलावर ठेवलं, आणि खाली नोकरीचा राजीनामाही. नागवेकरांनी दोन्ही वाचलं. राजीनामा त्यांनी घडी करून तिच्याकडे परत सरकवला.

"एकच रेघ काढा असं मी सांगितलं होतं," ते म्हणाले. "आणि बैठकीत मीही नुसती रेघच बघितली. आकडे मागून घेऊन बघायला मला कुणी अडवलं नव्हतं. तुमच्या लेखी खुलाशाखाली माझाही खुलासा जाईल."

तसा तो गेला. दोघांना वरून कडक शब्दांत विचारणा झाली, नोकऱ्या राहिल्या.

त्यानंतर दर आठवड्याला तपासणी झाली की मरियम नवा आलेख घेऊन बोरबंदरला जायची आणि जेटीवरच्या शेडच्या भिंतीवर लावायची. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. प्रत्येक जागेची रेघ वेगळी, प्रत्येक ठिपका जागच्या जागी, त्यावर चुकीची शक्यता दाखवणारी उभी काठी. पहिल्या खेपेला कुणीच जवळ आलं नाही. दुसऱ्या खेपेला दोघी-तिघी आल्या. तुळसा आली ती चौथ्या की पाचव्या खेपेला. तिला वाचता येत नव्हतं. आमचा खाजण कंचा, एवढं तिने विचारलं आणि मरियमने दाखवलं. मग ठिपक्यावरच्या काठीवर तिने बोट ठेवलं.

"ही कसली?"

एकाच दिवसाचे मुळे तीनदा तपासले तर तीन निराळे आकडे येतात, मरियमने सांगितलं. खरा आकडा या काठीत कुठे तरी असतो, नेमका कुठे ते सांगता येत नाही.

"म्हणजे तुमाला पण नक्की ठाऊक नसता."

"नसता."

"मग ता आधीच सांगायचात," तुळसा म्हणाली.

तोंडाशी आणि जेटीपाशी बंदी मे महिन्यात उठली. खाजणाची उठायला दिवाळी यावी लागली. सलग कितीतरी तपासण्यांत आकडा शंभराच्याही खाली राहिला, काठीचं वरचं टोकसुद्धा चारशेच्या जवळपास नव्हतं. हुकूम घेऊन नागवेकर आणि मरियम दोघं गावात गेली. बायका आधीच खाजणात उतरून आल्या होत्या. शेडमध्ये दगडांची चूल मांडली होती, टोपात मुळे उकळत होते, आणि सगळ्या जणी गोल करून बसल्या होत्या. कुणीही वाढून घेतलं नव्हतं.

तुळसाने एक थाळी भरली आणि मरियमसमोर ठेवली.

नागवेकर पुढे झाले, आधी मी खातो म्हणाले. तुळसाने मान हलवली. कागद हिने काढला, ती म्हणाली.

मरियम खाली बसली. टोपातून थाळीत आलेले मुळे तोंड उघडून पडले होते. पहिला मुळा तिने सगळ्यांदेखत तोंडात टाकला. तिने दुसरा घेतला, तिसरा घेतला, रस्सा भाकरीने पुसून खाल्ला. बायका तिच्या ओठांकडे बघत होत्या. तीही आतल्या आत तेच करत होती, जिभेचं टोक दातांवर घासत, बोटांची टोकं एकमेकांना लावून बघत. एकदा तिला वाटलं, झालं, आल्या मुंग्या. त्या मांडी घालून बसल्याने पायाला आलेल्या मुंग्या होत्या. सूर्य खाडीच्या तोंडाशी टेकला, भरतीचं पाणी खाजणात परत शिरू लागलं, तरी ती जागची हलली नाही.

अखेर केरूची बायको उठली, तिने थाळी घेतली आणि डाव टोपात घातला. मग बाकीच्या उठल्या. काशी मात्र खायला बसली नाही. तिने मरियमच्या पुढ्यातली रिकामी थाळी उचलली, नळावर नेऊन धुतली आणि परत आणून तिच्यासमोर ठेवली.

"आणखी वाढू?" तिने विचारलं.

मरियमने थाळी पुढे केली.